तेवीस तारखेचं वचन

"मग तेवीस तारीख कुणाला देणार, दाविद?"

सोफीआत्यानं हे विचारलं तेव्हा पप्पा ओसरीवर चांदणीच्या कामट्या बांधत बसले होते. मी खळ शिजवून आणली होती. आई लाल-पिवळे पतंगी कागद मापानं कापत होती. नोव्हेंबरची तीस तारीख. दुसऱ्या दिवशी चांदणी वर चढणार आणि आमच्या घरात नाताळाचे दिवस मोजायला सुरुवात होणार.

पप्पांनी सुतळीची गाठ दातांनी आवळली. "तेवीस अजून लांब आहे, अक्का."

"लांब कसली? म्हणता म्हणता येईल. पोर गेली ती गेली. तिचं वचन असं लोंबकळत ठेवून चालायचं नाही. चर्चच्या मंडळीत लोक मला विचारतात, दाविदनं पोरीचं नाव टाकलं की नाही? काय सांगू?"

"सांग, दाविद चांदणी बांधतोय."

आत्या गप्प बसली, पण ती गप्प बसली की समजावं, उद्या परत येणार.

आमच्या घरची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. पप्पा दवाखान्यात कंपाउंडर, वाघचौऱ्यांच्या घरात ख्रिस्ती झालेली तिसरी पिढी. आजोबांनी शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, चोवीस वचनं निवडून ठेवलेली, डिसेंबरच्या चोवीस दिवसांची चोवीस. रोज संध्याकाळी सातला घरची प्रार्थना आणि त्यात त्या दिवसाचं वचन. बरीचशी पप्पाच वाचायचे. पण घरातल्या प्रत्येक माणसाचं एकेक वचन स्वतःचं असायचं. पोर दहा वर्षांचं झालं की आजोबा त्याला एक तारीख नेमून द्यायचे. त्या दिवशी ते वचन त्यानं उभं राहून तोंडपाठ म्हणायचं, ते जन्मभर त्याचं.

माणूस परगावी असला तर त्याच्या तारखेला घरच्यांनी गप्प बसायचं. वचन म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ डोळे मिटून गप्प, मग आमेन. म्हणजे त्याची जागा राखली. माणूस मेला तर मात्र त्याचं वचन दुसऱ्याला मिळायचं. आजी वारली त्या वर्षी तिचं बारा तारखेचं वचन सोफीआत्यानं म्हटलं आणि ते आत्याचं झालं. एकदा दुसऱ्याच्या तोंडून निघालं की झालं, मूळच्या माणसाचा हक्क संपला. हा नियम मोडलेला मी पाहिला नव्हता.

तेवीस तारीख माझ्या थोरल्या बहिणीची, एस्तेरताईची. वचनसुद्धा काय मिळालं होतं तिला! रानात मेंढरं राखणाऱ्यांपुढं देवदूत येतो ते. तिचा आवाज असा की म्हणायला लागली की शेजारचे कुंपणाशी येऊन उभे राहायचे. आणि मला काय मिळालं होतं? चार तारीख. येशूची वंशावळ. याचा मुलगा तो, त्याचा मुलगा हा, त्याचा मुलगा आणखी कोण. दहा वर्षांची असताना मी रडले होते. आजोबा म्हणाले, "प्रिस्किला, तीही माणसंच होती." मला काय करायची होती ती माणसं!

त्या वर्षी एप्रिलमध्ये, ईस्टरनंतरच्या सोमवारी, ताई घरातून गेली. टायपिंग क्लासमधल्या विलास काळोख्यांशी तिनं नोंदणी लग्न केलं. माणूस वाईट नव्हता, पण आमच्यातला नव्हता, आणि तिनं घरात अक्षरानं सांगितलं नव्हतं. पप्पा तीन दिवस जेवले नाहीत. नंतर त्यांनी तिचं नाव घेणं सोडलं. शिवी नाही, शाप नाही, नुसतं नाव नाही. आई चोरून रडायची. मे महिन्यात माझं सोलापूरचं ठरत आलेलं स्थळ मोडलं. त्या लोकांनी स्पष्टच कळवलं, थोरलीनं असे दिवे लावले, धाकटीची काय खात्री? मी तेव्हा चोवीस वर्षांची.

चांदणी चढली. दिवस सुरू झाले. सकाळी आई आणि मी घर सारवायचो, भिंतींना चुना द्यायचो, दुपारी फराळाची तयारी आणि सातला सगळे सतरंजीवर. चार तारखेला मी माझी वंशावळ म्हटली. मध्ये दोन नावं खाली-वर झाली, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. आत्या जांभई देत होती.

नऊ तारीख माझा भाऊ योनाथानची. तो फौजेत, जबलपूरला. आम्ही सगळे गप्प बसलो. पप्पांनी त्या पोराच्या वचनाचा एकेक शब्द मनात म्हटला असणार, इतका वेळ ते डोळे मिटून होते. आमेन झाल्यावर आईनं डोळे पुसले आणि एकदम म्हणाली, "अहो, तेवीसलाही असंच बसू या ना. एवढंच करा. मी दुसरं काही मागत नाही."

पप्पांनी शास्त्र मिटलं, फडक्यात गुंडाळलं. "पोरगा सांगून गेलाय," ते म्हणाले आणि उठले.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. कुणी बोलत नव्हतं, पण विषय तोच. तेवीसला पप्पा गप्प बसले तर ताईचं घर उघडं राहिलं. वचन दुसऱ्या कुणाला दिलं तर ती मेली. आई रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभी राहायची. आत्या रोज दुपारी यायची आणि चकल्या पाडता पाडता मला म्हणायची, "प्रिसे, तू पाठ करून ठेव. तुलाच देईल तो. तुझाच हक्क आहे. तू घर सांभाळलंस, ती नाकावर टिच्चून गेली."

"मला नको," मी म्हणायची.

"नको काय नको? उभं गाव ऐकतं त्या दिवशी."

पाठ करायची गरजच नव्हती. ते मला दहा वर्षांची असल्यापासून येत होतं. ताई मोठ्यानं म्हणायची तेव्हा मी मनात तिच्याबरोबर म्हणायची, एक शब्द मागं न राहता.

वीस तारखेला मंडळीची गाणी म्हणणारी टोळी आमच्या दारी आली. पेटी, ढोलकी, वीस-पंचवीस माणसं. दर वर्षी ताई पुढं असायची. कुणीतरी सवयीनं विचारलं, "एस्तेर कुठंय?" आणि लगेच जीभ चावली. पप्पांनी सगळ्यांना चहा दिला, करंज्या दिल्या. टोळी गेल्यावर ओसरीच्या पायरीवर एकटेच बसून राहिले. मी कपबशा उचलायला गेले तर म्हणाले, "या वर्षी गाणी बेसूर वाटली का गं तुला?"

"नाही. बरी होती."

"मला वाटली," ते म्हणाले.

मला तेव्हाच कळलं की पप्पा विरघळले. आईला नाही कळलं, मला कळलं. रोज त्यांना औषधाची गोळी, पंचा, चष्मा हातात द्यायची मी, मला नाही कळणार?

तेवीस तारीख उजाडली. थंडी मी म्हणत होती. पप्पांनी सकाळी दाढी केली, दवाखान्यातून दुपारीच रजा टाकून आले आणि काळा कोट ब्रशानं झाडून खुंटीला लावला. नाताळाच्या दिवशी घालायचा कोट, दोन दिवस आधीच. आई स्वयंपाकघरात माझ्या कानाशी आली. "अगं, त्यांनी फाटकाची कडी काढून ठेवलीय. रोज कुत्री येतात म्हणून ओरडतात आणि आज कडी काढलीय. मला काही सुचत नाही बघ."

"वाऱ्यानं निघाली असेल," मी म्हटलं.

सातला बसलो. पप्पा कोट घालून बसले होते. आई, मी, आत्या. दार सताड उघडं. एवढ्या थंडीत दार लावू का म्हणून आत्यानं विचारलं तर पप्पा म्हणाले, "असू दे." एक गीत झालं. प्रार्थना झाली. मग पप्पांनी शास्त्रावर हात ठेवला. त्यांचा आवाज मुळातच बारीक, त्या दिवशी तर पुटपुटल्यासारखाच आला.

"आज एस्तेरचा दिवस," ते म्हणाले. "तिच्यासाठी गप्प बसू या."

आठ महिन्यांनी त्यांच्या तोंडून ते नाव आलं. आईनं पदर तोंडात कोंबला. आत्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पप्पांनी हात वर केला. सगळ्यांनी डोळे मिटले.

मी उभी राहिले आणि ताईचं वचन म्हणायला लागले.

खणखणीत म्हटलं. घसा साफ करून, एकही शब्द न चुकता, दाराकडं तोंड करून. पहिल्या ओळीला पप्पांनी डोळे उघडले. त्यांना वाटलं असणार, ही पोर थांबेल. मी थांबले नाही. मेंढपाळांपासून देवदूतांच्या गाण्यापर्यंत सगळं म्हटलं आणि शेवटी आमेनसुद्धा मीच म्हटलं.

"शाब्बास पोरी!" आत्या ओरडलीच. "घराची लाज राखलीस!"

आई माझ्याकडं बघत होती. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं, पण ती नुसती बघत होती.

तेवढ्यात बाहेर फाटक वाजलं. पप्पा अर्धवट उठले. "बाहेर कोण आहे? बघ गं, प्रिसे."

मी ओसरीवर गेले.

आता सांगते. चाळीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. एकवीस तारखेला दुपारी पोस्टमननं मला आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक अंतर्देशीय दिलं होतं. ताईचं. माझ्या नावानं. पप्पांना सांगू नकोस म्हणून वर दोनदा लिहिलेलं.

तिनं लिहिलं होतं, मला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण आईजवळ व्हावं असं फार वाटतं गं. पण पप्पांना भीड घालायची नाही, त्यांच्या पायाशी रडून त्यांना भाग पाडायचं नाही. त्यांनी मनापासून जागा ठेवली असेल तरच येईन. तेवीसला सात वाजता मी फाटकाबाहेर उभी राहते. हे सायकल घेऊन कोपऱ्यावर थांबतील. माझ्या वचनाला घर गप्प बसलं तर मी आत येईन. दुसऱ्या कुणी म्हटलं तर समजेन की मला पुरलं, आणि पुन्हा कधी तुम्हाला त्रास देणार नाही. तू काही करू नकोस, प्रिसे. तू फक्त देवाजवळ माग.

मी ते पत्र चुलीत घातलं.

दोन दिवस मी करंज्या तळल्या, लाडू वळले आणि विचार केला. ही येणार. पप्पा कोट घालून तिला आत घेणार. आई तिची ओटी भरणार. अख्खा मोहल्ला जमणार आणि तिचं पोट बघून सगळे डोळे पुसणार. आणि तिचं बाळंतपण कोण काढणार? पाणी कोण तापवणार, दुपटी कोण धुणार? मी. स्थळ मोडलेली मी. करून सवरून ती नामानिराळी, आणि माझं कुणी नावसुद्धा घेणार नाही, जसं चार तारखेला कुणाचं लक्ष नसतं. असं वाटत होतं मला. खोटं कशाला बोलू? राग होता. इतका राग मी आयुष्यात दुसऱ्या कुणाचा केला नाही, आणि जिचा केला तिच्यावर माझं सगळ्यात जास्त प्रेम होतं.

पण तेवीसला सातपर्यंत माझं काही नक्की नव्हतं, हेही खरं. पप्पांनी ते नाव इतक्या मायेनं घेतलं ना, तेव्हा झालं. माझं नाव त्यांनी तसं कधी घेतलं होतं? "बघ गं", "आण गं", "दे गं".

ओसरीवरून मला ती दिसली. गल्लीच्या दिव्याखालून जात होती, एक हात कमरेवर, पाय ओढत. कोपऱ्यावर विलास सायकल धरून उभा होता. त्यानं तिला हाताला धरून कॅरिअरवर बसवलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, पंचवीस पावलंही अंतर नव्हतं. मी कडी लावली आणि आत आले.

"कोण होतं?"

"कुणी नाही. कुत्रं आलं होतं."

पप्पा खाली बसले. बराच वेळ त्यांनी शास्त्र गुंडाळलंच नाही. आत्या घरी गेली, आई न जेवता आत जाऊन पडली. मी ताटं मांडली तेव्हा पप्पा माझ्याशी बोलले, रागावून नाही.

"तुझा अजून राग आहे तिच्यावर. नाही का?"

मी ताटात भात वाढत राहिले.

"माझा गेला गं," ते म्हणाले. "माझा आज सकाळीच गेला होता."

नियम नियम होता. वचन माझ्या तोंडून निघालं होतं, आता ते माझं. पप्पांनी तो नियम बापाकडून घेतलेला, तो मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण जानेवारीत त्यांनी ताईला रजिस्टर पत्र टाकलं. दहा दिवसांनी ते परत आलं, वर 'घेण्यास नकार' असा शेरा. पप्पांनी ते उघडलं नाही, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. फेब्रुवारीत आणखी एक टाकलं, तेही तसंच आलं. तिसरं टाकायचं धाडस त्यांना झालं नाही. "तिनं आपल्याला टाकलं," ते आईला म्हणाले. मी शेजारी बसून तांदूळ निवडत होते. तेव्हा बोलता आलं असतं. मी खडे वेचत राहिले.

ताईला मुलगी झाली हे आम्हाला बाजारात कुणाकडून तरी कळलं. नाव दोन वर्षांनी कळलं, रेवती. आईनं त्या नातीला कधी पाहिलं नाही. मधुमेहानं तिचे डोळे आधी गेले आणि मग ती गेली.

दर वर्षी तेवीसला मी ते वचन म्हणत राहिले. शेजारी कुंपणाशी यायचे, म्हणायचे, प्रिस्किलाचा आवाजही काही कमी नाही. पप्पा त्या वेळी डोळे मिटून बसायचे आणि माझं म्हणून झाल्यावरही बराच वेळ उघडायचे नाहीत. माझं लग्न झालं नाही. स्थळं आली, पण पप्पांना सोडून कुठं जाणार, असं मी सगळ्यांना सांगत असे. लोक म्हणायचे, मुलगी असावी तर अशी.

अकरा वर्षांनी, सप्टेंबरमध्ये पप्पा गेले. त्यांना अंघोळ घालून तोच काळा कोट घातला. खिशातली दोन पाकिटं मी काढून घेतली नाहीत, त्यांच्याबरोबरच गेली.

मातीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. ताई आली होती. केस पिकलेले, बरोबर अकरा वर्षांची रेवती. ताई ओसरीवर बसली, मी पाणी दिलं. रेवती भिंतीवरचे फोटो बघत होती. पहिल्यांदा घराबद्दल बोललो, योनाथानबद्दल, आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल. मग ताईनं पेला खाली ठेवला.

"प्रिसे, माझं पत्र मिळालं होतं ना तुला? त्या नाताळाच्या आधी?"

"मिळालं होतं."

"मी आले होते. बाहेर उभी होते."

"हो."

ताई माझ्याकडं वळली. "एवढंच सांग. मला अकरा वर्षं तेवढंच विचारायचं होतं. वचन तुला पप्पांनी म्हणायला लावलं ना?"

मी रेवतीकडं पाहिलं. पप्पांचं नाक होतं तिला, अगदी तसंच. पप्पा मातीत गेले होते. त्यांना आता काय लागणार होतं? आणि मला तर अजून जगायचं होतं, एकटीला, या घरात.

"हो," मी म्हटलं. "पप्पांनी सांगितलं."

ताईनं मला जवळ घेतलं. माझं डोकं खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली, मीच जणू दुखावलेली होते. "मला माहीतच होतं," ती रडत म्हणाली. "त्यांच्यापुढं तू काय बोलणार होतीस बिचारी? मी तुझ्यावर कधीच रागावले नाही, प्रिसे. एक दिवससुद्धा नाही."

तेव्हापासून आमचं येणं-जाणं आहे. आता दोघीही म्हाताऱ्या झालो. डिसेंबर लागला की ताई माझ्याकडं राहायला येते, चोवीस दिवस मुक्काम करते. करंज्या दोघी मिळून करतो. रेवतीची मुलं येतात, चांदणी चढवतात. तेवीस तारखेला ताई मला म्हणते, "म्हण गं, तुझंच आहे ते." आणि मी म्हणते.

चोवीसला सकाळी मी शेवंतीची फुलं घेऊन पप्पांच्या कबरीवर जायला निघते. दर वर्षी तिला विचारते, येतेस का? ताई चहाचा कप हातात धरून ओसरीवरच बसलेली असते.

"तू जा," ती म्हणते. "त्यांनी मला जिवंतपणी पुरलं, मी त्यांच्या मातीला फूल घालणार नाही."

आणि मी एकटी जाते.